शिंदीचा गाभा

शेवरवाडीच्या ख्रिस्ती मंडळीत तोंडावर खरं बोलणारं माणूस एकच होतं, आणि पंचांनी ते मोठ्या शिताफीनं पंचमंडळाबाहेर ठेवलं होतं. बयाबाईला पंचात घेतलं तर बैठका उरकणारच नाहीत, ही त्यांची भीती काही खोटी नव्हती. बयाबाईला मात्र त्याचं सुखदुःख नव्हतं. ती रविवारी देवळात सगळ्यांच्या पुढं, भुईवर मांडी घालून बसायची. माणदेशातले ख्रिस्ती आपल्या उपासनेच्या जागेला देऊळच म्हणत. पाळकाच्या उपदेशातलं एखादं वाक्य पटलं नाही की बयाबाई बसल्या जागेवरून "आँ?" असा आवाज काढायची. त्या एका "आँ"वर आजवर तीन पाळकांनी आपापले उपदेश आखडते घेतले होते.

तिला अक्षरओळख नव्हती. पण लहानपणी मिशनची एक बाई वस्तीवर येऊन शास्त्रातलं वाचून दाखवायची, आणि बयाबाईनं एकदा ऐकलेलं कधी सांडलं नाही. कुठल्या राजाला किती पोरं, तारवाला किती मजले, कुणी कुणाला किती दिवस उपाशी ठेवलं, सगळं तिला पाठ. पाळकानं हिशेबात चूक केली की ती तिथल्या तिथं दुरुस्त करून द्यायची.

पोटासाठी ती केरसुण्या वळायची. सासरी आली तेव्हा बारा वर्षांची होती, आणि ते घर पिढ्यान्‌पिढ्या हाच धंदा करत आलेलं. नवरा, अर्जुना, जाऊन आता वीस वर्षं झाली होती. एकुलती लेक लोणंदला दिलेली, जावई रेल्वेत. बयाबाई एकटी राहायची, शिंदीची पात कापून आणायची, वाळवायची, विंचरायची, वळायची आणि दहिवडीच्या बाजारात विकायची. तिची केरसुणी दोन वर्षं मोडत नसे. त्यामुळे धंदा कमी होतो, असं दुसऱ्या बायका म्हणायच्या. बयाबाई म्हणायची, "व्हऊ दे कमी."

हा धंदा मंडळीला खुपत होता. शिकलेली पोरं सातारा-सांगलीकडं नोकरीला लागली होती, कुणी मास्तर, कुणी दवाखान्यात. गावानं जातीवरून मारलेल्या हाका कानांतून काढून टाकायला लोकांना दोन पिढ्या लागल्या होत्या, आणि ही बाई देवळाच्या समोर पाय पसरून केरसुण्या वळत बसायची. पाचएक वर्षांपूर्वी पंचांनी ठराव केला की मंडळीतल्या कुणी हा धंदा करू नये. ठराव वाचून दाखवला तेव्हा बयाबाई म्हणाली, "येशू सुतार व्हता. त्येनं रंधा टाकून दिल्याला मी तरी ऐकला न्हाई." ठराव कागदावर राहिला. तिनं फक्त बसायची जागा देवळासमोरून आपल्या अंगणात नेली.

ठराव मांडणारा तिचा धाकटा दीर होता. आकाराम. एक्केचाळीस साली तो पलटणीत गेला, वीसएक वर्षं चाकरी करून हवालदार होऊन परत आला, आणि आल्यापासून त्यानं हातात कोयता धरला नव्हता. मिशा पिळलेल्या, कोटाला इस्त्री, मराठी बोलता बोलता मध्येच हिंदी. गावातली मराठा मंडळीसुद्धा त्याला "या हवालदार" म्हणायची. तो देवळाचा पंच होता आणि त्याचा शब्द चालायचा. बयाबाईचं त्याच्यावर जीवापाड प्रेम होतं. ती बारा वर्षांची नवरी होऊन आली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, आणि सासऱ्यानं दोघांना एकाच दिवशी, एकाच शिंदीखाली उभं करून पात कापायला शिकवलं होतं.

ती शिंदी देवळाच्या मागं ओढ्याच्या काठावर. मिशननं पूर्वी घेतलेली दोन एकर जमीन, तिच्या खालच्या अंगाला ओढ्याला वळण, आणि त्या वळणावर पुरुष-दीड पुरुष उंचीच्या एकोणचाळीस शिंदी. त्यांच्या मुळांनी काठाची माती आणि ओढ्याची वाळू घट्ट धरून ठेवली होती. तिथं वाळूत हातभर खणलं की झिरा लागायचा, वळणाच्या वरच्या अंगाला एक आणि खालच्या अंगाला एक. गावचे आड आटले तरी हे झिरे आटत नसत. बहात्तर साली पाऊस दडी मारून बसला तेव्हा साऱ्या शेवरवाडीला हा एकच आधार उरला. ज्या बाया एरवी या वस्तीच्या सावलीला बिचकायच्या त्या घागरी घेऊन मंडळीच्या जमिनीत रांगा लावायला लागल्या. काही पंचांना जुने हिशेब चुकते करायची हौस आली. बयाबाईनं त्यांना उभं राहू दिलं नाही. "पानी तुमी केलंया का?" एवढंच तिनं विचारलं.

शिंदीची पात कापायची एक रीत आहे. खालच्या, बाहेर कललेल्या, वय झालेल्या झावळ्या घ्यायच्या. त्यासुद्धा एका झाडाच्या चार, फार तर पाच. वरचा झुबका राहू द्यायचा. आणि मधोमध पांढरट, मऊ कोंब सरळ वर आलेला असतो, तो गाभा; न उलगडलेल्या कोवळ्या झावळ्या त्यातच असतात. त्याला हात लावायचा नाही. आंब्याची फांदी तोडली तर दुसरी फुटते, बाभळ छाटली तर आणखीच माजते. शिंदीला डोकं एकच. ते काढलं की झाड संपलं, पण लगेच कळत मात्र नाही. जुन्या झावळ्या चार-सहा महिने हिरव्या राहतात आणि बघणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे.

बहात्तरच्या झावळ्यांच्या रविवारी नेमकं हेच झालं. पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या या रविवारी मंडळी झावळ्या हातात घेऊन गात गात देवळाला फेरी घालते. त्या साली बयाबाई लेकीच्या बाळंतपणाला लोणंदला होती. नवे पाळक, मधुकर, सांगलीचे. तिशीचे, गोरेगोमटे, मनानं साफ. सांगलीच्या मंडळीत त्यांनी कोकणातून मागवलेल्या नारळाच्या पांढऱ्या कोवळ्या झावळ्या बघितल्या होत्या. त्यांना वाटलं, आपल्याकडं शिंदी आहेत की! त्यांनी विचारलं, आणि हवालदारांच्या देखरेखीखाली बारा शिंदींचे गाभे निघाले. फेरी फार देखणी झाली. फोटोसुद्धा काढला.

बयाबाई मे महिन्यात परतली. ओढ्यावर गेली आणि बारा झाडांची डोकी आत बसलेली तिनं बघितली. तिनं वस्तीत येऊन जो तोंडाचा पट्टा सोडला तो दुपारपर्यंत चालला. पण झाडं हिरवी होती. लोकांनी झाडांकडं बघितलं, बयाबाईकडं बघितलं आणि हसून सोडून दिलं. मग पाऊस आलाच नाही. दिवाळीपर्यंत बाराही शिंदी वाळून खडंग झाल्या आणि ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच, दुष्काळानं खाल्ल्या. त्या बारा झाडांखालचा काठ पुढं ढासळला. तिथला वरचा झिरा मातीनं भरून गेला. खालचा झिरा सत्तावीस जित्या शिंदींच्या सावलीत तेवढा उरला.

त्र्याहत्तरच्या मार्चात मधुकर पाळकांनी उपासनेत जाहीर केलं की सांगली आणि साताऱ्याच्या मंडळ्या दुष्काळाची मदत म्हणून धान्य घेऊन येणार आहेत. दोनशे माणसं, झावळ्यांच्या रविवारीच. सगळे मिळून पावसासाठी प्रार्थना करतील आणि मोठी फेरी निघेल. "गेल्या वर्षीसारख्याच पांढऱ्या झावळ्या," ते म्हणाले, "पण यंदा प्रत्येकाच्या हातात."

"आँ?" बयाबाई म्हणाली.

पाळकांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. पण उपासना सुटल्यावर ती दारातच उभी होती.

"आवं पाळकसाहेब, दोनशे हातांस्नी पुरवायाचं म्हंजी समद्या शिंदींचं गाभं ग्येलं. एकबी ऱ्हानार न्हाई."

"बयाबाई, झाड कापलं की पुन्हा फुटतं. आणि देवाच्या गौरवासाठीच घेतोय ना आपण? त्यानं माणसाला सगळ्या सृष्टीवर सत्ता दिली आहे."

"सत्ता दिली म्हंजी काय दिलं? माज्या लेकीनं मला तिच्या घराची किल्ली दिली, म्हून मी तिच्या घराचं वासं काढून चुलीत घालू व्हय?"

पाळक हसले. त्यांना उत्तर आवडलं, पण पटलं नाही. बयाबाईनं त्यांचा हात धरला आणि भर उन्हात त्यांना ओढ्यावर नेलं. वाळलेली बारा झाडं दाखवली. प्रत्येकाच्या डोक्यात कोयत्यानं कोरलेला खळगा होता.

"ह्यो दुस्काळ न्हाई. दुस्काळ ह्या सत्तावीसांवरबी हाय. त्या कशा जित्या?"

पाळक एका झाडापासून दुसऱ्या झाडाकडं गेले. "शास्त्रात," बयाबाई पुढं म्हणाली, "घरट्यात आई पिलांवर बसल्याली घावली, तर पिलं न्या पर आईला सोडा, असं हाय का न्हाई? लडाईत गावाला येडा घातला तरी फळझाडावर कुराड टाकू नगा, असं हाय का न्हाई? मग झावळ्या पिलं हायती. न्या की. गाभा आई हाय."

 ते नियम मधुकर पाळकांनी शिकताना वाचले होते, पण त्यांवर कुणी उपदेश केल्याचं त्यांना आठवेना. त्यांनी स्वतःही केला नव्हता. माणूस प्रामाणिक होता, म्हणून म्हणाला, "तुम्ही म्हणता ते खरं असेल तर हे पाप होईल. पण मी सांगलीचा, मला शिंदीतलं कळत नाही. हवालदार इथलेच आहेत. गेल्या वर्षी त्यांनीच कापून घेतल्या. त्यांना विचारतो. ते म्हणतील तसं."

त्यांनी विचारलं, आणि आकाराम म्हणाला, "दुष्काळानं वाळल्यात साहेब. गाभा काढल्यानं काय होत नाही. वैनींचं वय झालंय."

हे बयाबाईला कळलं तेव्हा ती पात विंचरत होती. तिनं फणी खाली ठेवली. आतापर्यंत तिची समजूत होती की गेल्या वर्षी कुणीतरी आडदांड पोरांनी कोयते चालवले आणि दिराचं लक्ष नव्हतं. आता तिला कळून चुकलं. एकाच शिंदीखाली शिकलेला माणूस हे विसरू शकत नाही. त्याला माहीत होतं. गाभा निघताना तो शेजारी उभा होता आणि त्याला माहीत होतं.

भर दुपारी, रस्त्यावर कुणी नसताना, ती त्याच्या घरी गेली. आकाराम ओसरीवर खुर्चीत बसला होता.

"भावजी, माजं वय झालंय म्हनं."

"वैनी, बसा. च्या टाकाय सांगतो."

"च्या नगं. मामांनी तुमास्नी आन मला काय शिकवलं व्हतं?"

"मी पलटणीत गेल्यावर समदं विसरलो."

"डोस्कं इसरतं. हात इसरत न्हाई. तुमास्नी ठावं हाय. गेल्या सालीबी ठावं व्हतं."

आकाराम खुर्चीतून उठला नाही, रागावलाही नाही. त्यानं नुसतं रस्त्याकडं बघितलं, कुणी ऐकत तर नाही ना. त्या एका नजरेनं बयाबाईला सगळं सांगितलं. ती जायला वळली. दारातून म्हणाली, "शनिवारी कापनार हायसा. मी तितं असनार. मी काय ओरडनार न्हाई. पर शिंदी मी पडू देनार न्हाई, हे ध्यानात ठेवा."

शनिवारपर्यंत तिनं कुणाशी या विषयावर चकार शब्द काढला नाही, आणि बयाबाई गप्प आहे म्हटल्यावर वस्तीला धास्ती बसली. तिच्या मनात मात्र एकच गोष्ट चालली होती. एका वाक्यात शिंदी वाचवता येत होत्या. सगळ्यांसमोर म्हणायचं, ह्या हवालदाराला विचारा त्याचा बाप काय करत होता, आणि बापानं त्याला काय शिकवलं. शिंदी वाचल्या असत्या आणि दीर गेला असता. वीस वर्षं पलटणीत घासून त्यानं अंगावर जी अब्रू चढवली होती ती तिनं एका वाक्यात उतरवली असती. दुसरा काही इलाज नसेल तर बोलायचंच, हे तिनं ठरवलं होतं. पाण्यावाचून गाव मरायला ठेवायचं नव्हतं. पण त्याआधी त्याला एक संधी द्यायची, हेही तिनं ठरवलं होतं.

शनिवारी सकाळी मंडळीतले दहा-बारा बाप्ये कोयते घेऊन ओढ्यावर आले. मधुकर पाळक होते, पंच होते, आणि सगळ्यांच्या पुढं आकाराम, कोट घालून. झिऱ्यावर गावातल्या बायकांची रांग लागलेली. रांगेच्या तोंडाला पाटलाच्या भावकीतली रंगूबाई, वाटीनं घागर भरत बसलेली. बयाबाई पहिल्या शिंदीच्या बुडाशी उभी होती. तिच्या हातात तिचा स्वतःचा कोयता होता, मूठ झिजून बारीक झालेला.

"बयाबाई," पाळक मऊपणानं म्हणाले, "मला तुमचं मन मोडायचं नाही. पण उद्या दोनशे पाहुणे येणार."

"मी आडवी येत न्हाई साहेब. एकच मागनं हाय. पैली शिंदी हवालदारांनी कापावी. गेल्या सालीबी त्येंचीच देखरेख व्हती. गाभा त्येंनी सोताच्या हातानं काढावा. मग बाकीच्यांनी काढा, मी घरी जाते."

तिनं कोयता पुढं केला. सगळे आकारामकडं बघायला लागले. त्यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. त्यानं कोट काढून एका माणसाकडं दिला, बाह्या सारल्या आणि कोयता घेतला. शिंदी बेताच्या उंचीची होती. त्यानं डाव्या हातानं झुबका बाजूला केला. मधला पांढरा गाभा उघडा पडला, चुन्यासारखा स्वच्छ. त्यानं कोयता उचलला.

तो तसाच उभा राहिला. झिऱ्यावरची वाटी वाजायची थांबली.

मग कोयता खाली आला, पण मध्ये नाही. सगळ्यात बाहेरची कललेली झावळी बुडातून एका घावात सुटली. ती जमिनीवर पडायच्या आत त्याच्या डाव्या हातात होती, आणि कोयत्याच्या पाठीनं तीन ठोक्यांत तिचे बुडाचे काटे उडाले होते. लगेच दुसरी. लगेच तिसरी. चौथी कापून तो थांबला. बत्तीस वर्षांत ज्या हातानं कोयता धरला नव्हता त्याला कुठंही अडखळायला झालं नाही. पोरवयाची चाळीस वर्षांपूर्वीची ती लय बघून बयाबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि तिनं ते पुसलंही नाही.

"हवालदार, या नाहीत," पाळक म्हणाले, "मधला..."

"मधला काढला तर झाड मरतं, साहेब." आकाराम वळला नाही. शिंदीकडं तोंड करूनच बोलत होता. "मला ठावं व्हतं. गेल्या सालीबी मला ठावं व्हतं. त्या बारा मी मारल्या."

 पाळकांनी विचारलं, "मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

आता आकाराम वळला. इतक्या वर्षांत चारचौघांत त्याच्या तोंडी जे शुद्ध बोलणं बसलं होतं ते कुठल्या कुठं गेलं होतं. "साहेब, हे मला ठावं हाय असं म्हटलं असतं, तर मला ते कशापायी ठावं हाय, हेबी समद्यांस्नी पुन्ना आठवलं असतं."

मधुकर पाळकांनी मान खाली घातली. मग ते पुढं झाले आणि शहरी रीतीनं आकारामशी हात मिळवायच्या ऐवजी त्याच्या पायाशी पडलेल्या चार झावळ्या उचलल्या. "मला दाखवा कसं कापतात," ते म्हणाले.

त्या दिवशी सगळ्या मंडळीनं कापायला शिकून घेतलं. मास्तर शिकले, पंच शिकले. पाळकांच्या तळहातात काटा शिरून तो चांगला सुजला, आणि बयाबाईनं काटा काढताना "सांगलीचा हात लय मऊ," म्हणून घेतलंच. एका शिंदीच्या चार, अशा सत्तावीस शिंदींच्या एकशेआठ झावळ्या झाल्या. आणखी एक घेऊ दिली नाही तिनं.

"पाहुणे दोनशे आहेत, बयाबाई."

"मग उरल्याल्यांनी टाळ्या वाजवा."

आणि तसंच झालं. दुसऱ्या दिवशी अर्ध्यांच्या हातात हिरव्या, राकट झावळ्या आणि अर्धे टाळ्या वाजवत चाललेले. सांगलीच्या बायकांना वाटलं ही इथली जुनी पद्धत असणार, त्यांनी कौतुक केलं. फेरी देवळाभोवती न जाता ओढ्यावरून गेली. वाळलेल्या बारा शिंदींपाशी पाळक थांबले. त्यांनी पावसाची प्रार्थना करायच्या आधी म्हटलं, की देवाकडं पाणी मागायचं तर त्यानं दिलेल्या पाण्याचं आपण काय केलं ते आधी सांगावं लागेल. आणि त्यांनी सांगितलं, पाहुण्यांसमोर, नाव न घेता, "आम्ही" म्हणून. आकाराम पुढं आला आणि म्हणाला, "आमी न्हाई साहेब. मी." मग तो झिऱ्याकडच्या बायकांकडं वळला आणि त्यांनाही, माझी चूक झाली, म्हणाला. पाणी तर त्यांचंही गेलं होतं.

रंगूबाईनं घागर भरता भरता ऐकून घेतलं. "चूक झाली म्हंता न्हवं, हवालदार?" ती म्हणाली. "मग उद्या फावडं घिऊन या. वरचा झिरा मातीनं बुजलाय, त्यो उपसायचा हाय." ज्या हाकेची त्याला जन्मभर भीती वाटत आली होती ती हाक कुणीच मारली नाही. आकाराम दुसऱ्या दिवशी फावडं घेऊन गेला. वरच्या झिऱ्याला पाणी मात्र लागलं नाही. तीन दिवस उपसूनही लागलं नाही, आणि ते त्यानं मान्य केलं. खालच्या झिऱ्यानं गावाला पावसापर्यंत ओढून नेलं.

पुढं मंडळीनं नेम केला, की झावळ्यांच्या रविवाराआधी शनिवारी सगळ्यांनी मिळून कापायचं आणि बयाबाईनं उभं राहायचं. आकारामनं मेलेल्या बारा शिंदींच्या शेजारी खड्डे करून एकेक बी लावली. त्यांतल्या सात रुजल्या. तो आंघोळीचं पाणी त्यांना घालायचा. "भावजी, ह्या कापायला याला पंधरा वर्सं लागतील," बयाबाई म्हणायची. "तवर मी कुठं जातोय," तो म्हणायचा. पंचांचा जुना ठराव कुणी रद्द केला नाही, पण तो आता कुणी वाचतही नव्हतं, कारण ज्यानं मांडला होता तोच वहिनीच्या अंगणात बसून पात विंचरायला लागला होता.

मधुकर पाळकांची पंचाहत्तर साली बदली झाली, सांगलीकडं कृष्णाकाठच्या एका गावात. सत्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्यांचं बयाबाईला पत्र आलं. आकारामनं चष्मा लावून वाचून दाखवलं. पाळकांनी लिहिलं होतं, की इथं पाणी रग्गड आहे, जिकडं बघावं तिकडं ऊस. लोक पाण्याच्या मोटारी चालू करून देतात आणि बंद करायचं विसरतात. वावरात पाणी तुंबतं. काही वावरांत आता जमिनीतून मीठ फुटलं आहे, पांढरा थर येतो, आणि तिथं ऊस तर सोडाच, गवतसुद्धा उगवत नाही. पांढरं बघितलं की मला शिंदीचा गाभा आठवतो. मी उपदेशात सांगितलं तर मंडळीतलेच बागायतदार म्हणतात, पाळकसाहेब, तुम्हाला शेतीतलं काय कळतं? आणि ते खरंच आहे. मला कळत नाही. मी काय करू, ते सांगा.

बयाबाईनं पुन्हा एकदा वाचायला लावलं. 

"लिवा," ती म्हणाली. "मी जल्मात ऊस लावला न्हाई. त्यातलं मला ठावं न्हाई."

आकारामनं लिहिलं.

"लिवा, पर तुमच्या मंडळीत कुनीतरी म्हातारा असंल, ज्येला जुनी रीत ठावं हाय. किती पानी द्यायाचं, जिमिनीला कवा इसावा द्यायाचा, त्येला समदं ठावं हाय, आन त्यो गप बसलाय. त्येला हुडका. तुमचा उपदेस ऱ्हाऊ द्या. त्यो एक मानूस बोलला तर दहा उपदेसांचं काम व्हईल. लिवलं?"

"लिवतोय."

"त्येच्या घरी जावा. दुपारचं, रस्त्याला कुनी नसताना. चारचौघांत त्येला उघडा पाडू नगा. त्येचं त्येला बोलू द्या."

आकारामचा टाक कागदावर थांबला होता. तिनं ते बघितलं. थोड्या वेळानं तो पुन्हा चालायला लागला. बयाबाईचं सांगून संपलं तरी तो चालूच होता. तिला न विचारता त्यानं खाली एक ओळ घातली: साहेब, त्याला बोलायचंच असतं. कुणी विचारायला यायची तो वाट बघत असतो.

"आनखी काय लिवताय, भावजी?"

"सही करतोय, वैनी," आकाराम म्हणाला.